बेसूर कोण?



भजनाला उभे राहिल्यावर आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात कधी ना कधी आलेला एक प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो. शेजारचा टाळकरी बेसूर गात असेल, तर त्याला गप्प बसवावे की नाही? प्रश्न लहान दिसतो. मलाही तो लहानच वाटला होता, म्हणून त्याचे उत्तर मी एकदा चारचौघांत, एका दमात देऊन टाकले. ते उत्तर कुठे चुकले हे कळायला मला चौदा वर्षे लागली. ते तुम्हाला सांगायचे तर आधी घडले ते सांगतो, मग आपण थोडे कानाच्या आत जाऊन येऊ.

बोईसर हे बाहेरून आलेल्या माणसांनी वाढवलेले गाव. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे एमआयडीसी वाढली, आणि खानदेश, मराठवाडा, सातारा, कोकण असे कुठकुठले लोक पोटामागे इकडे आले. येताना कोणी वळकटी आणली, कोणी टाळ आणले. मी सातारकडचा, पखवाज वाजवतो. आमच्या मंडळात जळगावकडचे एक काका होते. कापडाच्या कारखान्यात लूम खात्यात त्यांनी सत्तावीस वर्षे काढली. आवाज खणखणीत, पाठांतर असे की हरिपाठाला त्यांनी कधी पुस्तक उघडले नाही. सप्ताहात रूपाचा अभंग तेच धरत.

पुढे त्यांचा सूर ढळू लागला. पेटी काळी चारला असायची आणि काका त्याच्या जरा खाली, कधी जरा वर. गायकांनी खूण करावी, तर काकांना वाटे दाद मिळाली. ते आणखी मोठ्याने गात. एका सप्ताहात, पाचव्या दिवशी, कीर्तनकार बुवा उभे असताना मी पखवाजावरचा हात थांबवला आणि म्हणालो, "अहो काका, तुम्ही नुसता टाळ धरा. चाल दुसऱ्याला धरू द्या. सगळं बेसूर होतंय."

काका म्हणाले, "बरं माऊली."

एवढेच. त्या दिवसापासून त्यांनी गाणे सोडले. टाळ वाजवीत, ओठ हलवीत, पण आवाज काढीत नसत. वीणेचा पहारा मात्र मागून घेत, आणि तोही रात्री दोन ते चारचा, जो कोणालाच नको असतो.

आता कानात चला.

वीणेची तार छेडली की ती थरथरते. काळी चारचा षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे २०८ कंपने. तारेपाशी आहे ते एवढेच: हालचाल. हवा हलते, कानाचा पडदा हलतो, त्यामागची तीन चिमुकली हाडे हलतात आणि ती हालचाल शंखाच्या आकाराच्या एका पोकळीत जाते. त्या शंखाला अडीच वेढे आहेत. आत सुमारे पस्तीस मिलिमीटर लांबीची एक पट्टी आहे, उलगडली तर बोटाच्या दोन पेरांपेक्षाही लहान. या पट्टीचे गुपित हंगेरीत जन्मलेल्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी शोधले आणि त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चढा स्वर आला की पट्टीचे दाराकडचे टोक जास्त हलते. खर्जातला स्वर आला की सर्वांत आतले टोक. प्रत्येक स्वराला पट्टीवर आपली जागा आहे, जशी दिंडीत प्रत्येकाला आपली जागा असते.

त्या पट्टीवर केसासारखे तंतू असलेल्या पेशी उभ्या आहेत, एका कानात सुमारे पंधरा हजार. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी मेंदूला वार्ता पोचवतात. बाकीच्या त्यांना मदत करतात, बारीक आवाज मोठा करून देतात. कुठली पेशी हलली यावरून मेंदूला स्वर कळतो. शिवाय नसांचे ठोके कंपनांच्या तालावर पडतात, त्या तालावरूनही कळतो. म्हणजे जागा आणि ताल अशा दोन साक्षी घेऊन मेंदू निवाडा करतो की हा षड्ज, हा पंचम.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तारेत कंपन आहे, कानात हालचाल आहे, नसांत ठोके आहेत. "सूर" ज्याला आपण म्हणतो तो या तिन्हींपैकी कशातच सापडत नाही. तो ऐकणाऱ्याच्या ठायी प्रकट होतो.

हे नुसते शब्दांचे खेळ वाटू नयेत म्हणून एक दृष्टांत देतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला ३०० कंपनांच्या खालचा आवाज जवळजवळ जात नसे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर असतो शे-सव्वाशे कंपनांचा. म्हणजे गावाकडून वडील फोनवर बोलत, तेव्हा त्यांच्या आवाजाचा मूळ स्वर आपल्या कानापर्यंत येतच नव्हता. येत होते ते फक्त त्याचे तिप्पट, चौपट असे वरचे अंश. तरीही वडिलांचा आवाज आपल्याला भरदार, त्यांचाच असा ऐकू येई. कारण मेंदू वरच्या अंशांची ओळ पाहतो आणि ज्याच्यापासून ती ओळ निघाली असेल तो मूळ स्वर आपण होऊन ऐकतो. जो आलाच नाही, तो ऐकू येतो. दारात चपला पाहून घरात पाहुणे आल्याचे आपण ओळखतो, तसेच हे आहे.

आपल्या पखवाजातही हेच रहस्य आहे. साधे कातडे ताणून थाप मारली तर त्यातून निघणारे वरचे अंश वेडेवाकडे असतात. ते एका ओळीत बसत नाहीत, म्हणून नुसता धबधब आवाज येतो. पण उजव्या पुडीवर शाई चढवली की तेच अंश दुप्पट, तिप्पट असे शिस्तीत येतात आणि पखवाजाला सूर लाभतो. १९२० साली चंद्रशेखर व्यंकट रमण यांनी आपल्या सहकाऱ्यासह 'नेचर' या विलायती नियतकालिकात हे मांडले. ज्या अनाम कारागिरांनी शाईचा थर किती जाड, किती रुंद हे ठरवले, त्यांनी ते कुठल्या यंत्रावर मोजले नव्हते. ऐकत ऐकत ठरवले होते.

तर सूर ऐकणाऱ्याच्या ठायी आहे. मग पुढचा प्रश्न येतो: कोणत्या ऐकणाऱ्याच्या?

काकांना मी बेसूर ठरवले ते पेटीच्या साक्षीने. पण पेटीची साक्ष तरी कितपत खरी? पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता यावे. त्यासाठी तिला थोडी तडजोड करावी लागते. जुळलेल्या तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप जो गंधार उमटतो, त्यापेक्षा पेटीचा गंधार किंचित चढा असतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या सातव्या भागाइतका. ज्याचा कान वीणेवर वाढला, त्याला पेटी चढी वाटेल. ज्याचा पेटीवर वाढला, त्याला वीणेकरी उतरलेला वाटेल. आमच्या बोईसरपासून थोडे आत वारली पाड्यांकडे गेलात तर दिवाळीच्या सुमाराला तारपा ऐकू येतो. भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. त्याचे स्वर पेटीच्या पट्ट्यांवर शोधायला गेलात तर नेमके सापडणार नाहीत. पण तारप्याभोवती हातात हात गुंफून फेर धरणाऱ्यांपैकी कोणी म्हणत नाही की तारपा बेसूर आहे. लहानपणी आईच्या मांडीवर जे ऐकले, त्याच्या मापाने कान घडतो.

तरीही काकांचे म्हणणे खरे आणि पेटी खोटी, असे मी म्हणत नाही. काका खरोखर सुरातून जात होते. का जात होते, हा प्रश्न मात्र मी विचारला नाही.

त्याचे उत्तर मला काकांच्या मागे दोन वर्षांनी मिळाले. निवृत्तीनंतर मला नातवंडांचे बोलणे नीट कळेनासे झाले. पालघरला कान तपासून घेतले. डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालच्या स्वरांना रेष बरी होती, आणि ४००० कंपनांच्या ठिकाणी तिला विहिरीसारखा खड्डा पडला होता. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाच्या कानाची ही खूण, असे ते म्हणाले. त्या शंखातल्या पेशी सतत मार खाऊन मोडतात. माणसाच्या कानात एकदा गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. मग त्यांनी एकच स्वर आधी माझ्या डाव्या कानात वाजवला, मग उजव्यात. मी म्हणालो, "दुसरा जरा चढा आहे." ते म्हणाले, "दोन्ही एकच आहेत."

माऊलींनो, त्या खुर्चीत मला काका आठवले. पट्टीवरच्या पेशी एका कानात जास्त आणि दुसऱ्यात कमी गेल्या, तर एकच स्वर दोन कानांना दोन जागी ऐकू येऊ शकतो. ज्याला असे होते त्याला ते कळत नाही. तो आपल्या परीने अगदी सुरात गात असतो. लूम खात्यात शेकडो माग एका वेळी चालतात. शेजारच्याशी बोलायचे तर हाताच्या खुणा कराव्या लागतात. कामगार कापसाचे बोळे घालत, पण त्याने काय अडते? काकांनी त्या घरघरीत सत्तावीस वर्षे काढली, आणि त्यांचा पगार मुलांच्या शिक्षणाला लागला, थोडा आमच्या मंडळाच्या पेटीलाही लागला. ज्या पेटीच्या साक्षीने मी त्यांना बेसूर ठरवले, तिच्या वर्गणीच्या यादीत त्यांचे नाव पहिले होते.

आणखी एक आठवण तेव्हा उलगडली. काकांनी गाणे सोडल्यानंतरच्या एका सप्ताहात मी रात्री तीनला जागा झालो. खाडीवरून दमट वारा येत होता. अशा हवेत तारांचा सूर हलतो. काकांनी वीणेचे पोट छातीशी घट्ट धरले होते, डोळे मिटले होते, आणि ते खुंटी हळूहळू पिळत होते. वीणा जुळली, आणि अशी जुळली की मी पडल्या पडल्या चकित झालो. बेसूर माणसाने वीणा कशी लावली? तेव्हा मला वाटले, देवाची कृपा. आज त्या कृपेची वाट थोडी समजते. दोन तारा जवळजवळ सारख्या पण किंचित वेगळ्या असल्या, एक २०८ आणि दुसरी २१०, तर त्यांच्या मिळून आवाजात सेकंदाला दोन हेलकावे येतात. तारा जुळत जातात तसे हेलकावे सावकाश होतात आणि शेवटी थांबतात. हे हेलकावे कळायला स्वर ओळखावा लागत नाही. आवाजाचे कमी-जास्त होणे कळले की पुरे. आणि इतक्या खालची थरथर कातडीलाही जाणवते. काका कानाने जेवढे येईल तेवढे घेत होते आणि उरलेले छातीने ऐकत होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इथे दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही मी आमच्या मंडळात ऐकलेले आहेत.

एक पक्ष म्हणतो, देवाला भाव लागतो, सुराचे काय घेऊन बसलात? ऐकायला गोड आहे. पण मग आपण वीणा जुळवायला बसतो कशाला? पखवाजाला कणीक लावून अर्धा तास ठोकतो कशाला? सूर ही दहा जणांनी एकत्र उभे राहण्याची अट आहे. ज्याला सूर कळतो आणि तरी आळसाने किंवा मिरवण्यासाठी तो सोडतो, तो शेजाऱ्याच्या एकाग्रतेवर पाय देतो. त्याला भावाची ढाल पुढे करता येणार नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, सूर नसेल त्याने गप्प बसावे. मी याच पक्षाचा होतो. या पक्षाची चूक अशी की तो सुराला गाणाऱ्याची मालमत्ता समजतो, जणू ती त्याने सांभाळली नाही. आपण पाहिले, सूर तार, हवा, पडदा, पेशी, नसा आणि मेंदू अशा सहा उंबरठ्यांवरून येतो. कुठल्याही उंबरठ्यावर तो अडखळू शकतो. काही माणसे अशी असतात की त्यांचे कान उत्तम, पण मेंदू स्वरांचा चढउतार वेगळा करू शकत नाही. शंभरात एखाद-दोन जणांना हे जन्मतःच असते. त्यांचा भाव उणा असतो का? साधना उणी असते का? ज्याच्या हातून चूक होते आणि ज्याच्यावर चूक ओढवते, या दोघांना एकाच शब्दाने हाक मारणे हा अन्याय आहे. "बेसूर" हा शब्द तोच अन्याय करतो.

मग करावे काय? मला जे सुचते ते सांगतो. तुम्ही आपल्या मंडळात विचार करून पाहा.

ज्याचा सूर ढळतो त्याने चाल धरू नये, हे मला आजही योग्य वाटते. पण ध्रुवपद झेलणाऱ्यांत त्याची जागा आहे. वीस माणसे एक स्वर मिळून गातात तेव्हा वीसही नेमके एका ठिकाणी नसतात. कोणी केसभर वर, कोणी केसभर खाली. ऐकणाऱ्याला मात्र त्या सगळ्यांच्या मधोमध एक भरीव सूर ऐकू येतो. तो त्यांच्यापैकी कदाचित एकानेही नेमका गायलेला नसतो, आणि तो सगळ्यांचा असतो. दिंडीच्या आवाजाला जी रुंदी येते ती यातूनच. काकांचा आवाज मी तिथून काढून घेतला, ही माझी पहिली चूक. चारचौघांत बोललो, ही दुसरी. का होते आहे हे विचारले नाही, ही तिसरी आणि सर्वांत मोठी.

आणि ज्याच्याबद्दल आपण सगळेच उत्तर देणे लागतो, ती गोष्ट म्हणजे आपले कर्णे. सप्ताहाच्या मांडवात आता माणसाइतक्या उंचीच्या पेट्या लावतात. त्यांच्यासमोर सात-आठ वर्षांची मुले टाळ घेऊन पावली खेळतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि वस्तीसाठी दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २००० सालच्या नियमांत हे लिहिलेले आहे. पण पोलीस येतील म्हणून नव्हे, त्या मुलांच्या कानात पंधरा हजार पेशी आहेत आणि गेलेली परत येत नाही, म्हणून आवाज कमी करावा. काकांचे कान पोटासाठी गेले. या मुलांचे कान देवाच्या नावाने जाऊ नयेत.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे, कीर्तन त्यानंतर. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माऊली श्रोत्यांकडे अवधान मागतात. एवढे बोलण्याचे सामर्थ्य असलेला पुरुष ऐकणाऱ्याकडे हात पसरतो, याचा अर्थ मला आता थोडा लागतो. ऐकणारा जेव्हा अवधान देतो तेव्हाच बोलणाऱ्याचे बोलणे पुरे होते. काकांचा सूर माझ्या कानात अपुरा आला. तो पुरा करण्याचे काम माझ्याकडेही होते. फोनवरच्या वडिलांसाठी मी ते न सांगता करीत असे.

आता पखवाज मी वाजवतो, पण लावून देतो तो मंडळातला एक मुलगा. माझ्या कानावर माझा भरवसा उरलेला नाही. परवा हरिपाठात मी चाल धरली आणि जरा वर गेलो असेन. तो मुलगा टाळ वाजवीत वाजवीत माझ्या शेजारी आला, माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि माझ्या बऱ्या कानाशी तोच स्वर हळू धरून राहिला, मी खाली येईपर्यंत. कोणाला काही कळले नाही.

काकांच्या वेळी हे मला सुचले नाही. तुमच्या मंडळात असे एखादे काका असतील, तर आज संध्याकाळी त्यांच्या शेजारी उभे राहा.

रामकृष्ण हरी.